एका खुर्चीची रजा

हो हो हो, कळलं! गुरुवारी इथे बाई असतात, मला माहीत आहे, मला नाही माहीत तर कोणाला असणार? पण आज बाई नाहीत, आज बाईंच्या जागी मी आहे, म्हणजे असं समजा की आज मीच बाई... हसू नका हो काका, तुमची छत्री माझ्या ताब्यात आहे हे विसरू नका! आणि 'काळी आहे' एवढंच काय सांगता? माझ्या मागे बघा, म्हणजे तुम्हाला दिसणार नाही, मीच वळून बघतो... या टोकापासून त्या टोकापर्यंत छत्र्या, आणि सगळ्या काळ्या! काहीतरी खूण सांगा. मूठ वाकडी? अहो छत्रीची मूठ वाकडीच असते, सरळ असली तर तिला काठी म्हणतात! आठवा. सावकाश आठवा. तोवर मी सांगतो, गुरुवारी बाईंच्या जागी मी का, ते. रांगेतल्या बाकीच्यांनीही ऐका, नाहीतरी तुम्ही जाणार कुठे, वस्तू तर तुमच्या माझ्याकडे आहेत.

तर ही खिडकी. बसमध्ये लोक जे जे विसरतात ते सगळं इथे येतं. छत्र्या, डबे, चष्मे, एकेकटे हातमोजे... परवा कवळी आली! मला सांगा, कवळी कशी विसरतो हो माणूस? घरी जाऊन जेवायला बसल्यावर तरी आठवत असेल ना? आणि मुदतीत कोणी न्यायला आलं नाही की वस्तू जाते लिलावात. मग लोक येतात, गयावया करतात, आणि मी इथे बसून म्हणतो, 'मुदत संपली, आता काही करता येणार नाही.' हे वाक्य मी आजवर इतक्यांना ऐकवलंय की झोपेतसुद्धा बडबडतो, असं आमची ही सांगते. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पूर्वी या खुर्चीवर एक अख्खा माणूस बसायचा. तो निवृत्त झाला. मग वर कोणाच्या तरी डोक्यात आलं, की अख्खा माणूस कशाला, दोन अर्धे आणूया! माझ्या पाठीनं तेव्हा संप पुकारला होता, मला अर्धवेळच हवं होतं, म्हणून सोमवार ते बुधवार मी. गुरुवार ते शनिवार बाई. खुर्ची एक, कप एक, टेलिफोन एक, हजेरीचं कार्डसुद्धा एकच, ते बघा, त्या खिळ्याला टांगलंय, जो येईल त्यानं ते त्या यंत्राला दाखवायचं आणि बसायचं. आणि तुम्हाला सांगतो, एवढी वर्षं एका खुर्चीवर बसून मी त्या बाईंना कधी पाहिलंच नव्हतं! पाहणार कसा? मी असतो तेव्हा त्या नसतात, त्या असतात तेव्हा मी नसतो. मला त्या ठाऊक होत्या फक्त गुडघ्यांवरून. त्यांच्या नव्हे हो, माझ्या! बाई बुटक्या, खुर्ची पार खाली करून जायच्या, आणि सोमवारी सकाळी मी बेसावधपणे बसलो की माझे गुडघे हनुवटीला. आणि ती कुंडी बघा. त्यात एक झाड होतं. मला वाटायचं बाई त्याला पाणी घालत नसतील, त्यांना वाटायचं मी घालत नसेन, दोघांनी इतक्या मायेनं पाणी घातलं की झाड बुडून मेलं. अर्ध्या माणसांचं असंच असतं. आम्ही पडलो अर्धे!

आता खरी गोष्ट. आमची मुलगी, एकुलती एक, लांब असते, गाडीनं अख्खा दिवस जातो जायला. तिला दिवस गेलेले. पहिलंच बाळंतपण. तिचा फोन, 'बाबा, तुम्ही यायचंच.' मी म्हटलं, 'अगं, आई येतेय की आधीच.' तर म्हणाली, 'आई रडेल. तुम्ही या. खोटं बोलायला या.'

तुम्हाला कळलं नाही ना? आमच्या हिलाही कळलं नाही, पण मला कळलं. मुलगी लहान असताना सुईला भयंकर घाबरायची. दवाखान्याच्या दारातच अंग टाकून द्यायची. मग मी तिचा हात धरायचो आणि म्हणायचो, 'झालं, झालं, एवढंच!' अहो, सुई अजून डॉक्टरांच्या हातातच असायची! पण तिला ते खोटं चालायचं. माझं खोटं ऐकलं की ती डोळे मिटायची आणि हात पुढे करायची. आता आई व्हायची वेळ आली तरी पोरीला तेच खोटं हवं होतं. जावई आहे, नाही असं नाही, स्वभावानं सोन्यासारखा, पण रक्त बघितलं की तोच आडवा होतो. मग मी नको जायला? मी म्हटलं, येतो. येतोच. काय वाट्टेल ते झालं तरी येतो.

आणि वर गेलो रजा मागायला.

वर रजेचं सगळं बघायला एक मुलगी आहे. गोड आवाज, गोड चेहरा, आणि प्रत्येक वाक्यात 'समजून घ्या ना सर.' आम्ही तिला समजून-घ्या म्हणतो. तिनं कॉम्प्युटरमध्ये बघितलं, आणखी जवळून बघितलं, मग माझ्याकडे असं बघितलं, जणू माझ्या घरी काहीतरी वाईट घडलंय आणि ते तिला आधी कळलंय. 'सर, तुमची रजा तर संपलीय.'

'संपलीय? मी घेतलीच कुठे? पाठ धरली तेव्हा थोडी घेतली, तेवढीच!'

'नाही सर, इथे दिसतंय ना. गेल्या वर्षी बहिणींबरोबर समुद्रावर सहलीला गेला होतात...'

'मला बहिणी नाहीत!'

'...आणि यंदा सासूबाईंच्या डोळ्याच्या ऑपरेशनलाही घेतलीत.'

'अहो, माझ्या सासूबाई जाऊन इतकी वर्षं झाली!'

तर ही मुलगी हळूच म्हणते, 'सर, मग हे बरोबर नाही ना. गेलेल्या सासूबाईंच्या नावावर रजा घ्यायची म्हणजे...' बघा! ऐका! मी रजा मागायला गेलो होतो आणि खोटारडा ठरून उभा राहिलो! शेजारच्या टेबलावरच्या माणसानं मान वर करून माझ्याकडे बघितलं, की हाच तो, मेलेल्या सासूचे डोळे तपासणारा!

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. म्हटलं, 'त्या बाईंनी घेतली असेल. गुरुवारवाल्या.' तर ती म्हणाली, 'हो ना सर, तेच. म्हणजे तुम्हीच.' मी म्हटलं, 'मीच कसा?' म्हणाली, 'समजून घ्या ना सर, ही जागा एक आहे ना. खुर्ची एक, कार्ड एक, म्हणून सिस्टीममध्ये माणूस एक. रजाही एकच. तुम्ही दोघं मिळून एक आहात.'

तुम्हाला सांगतो, लग्नाला इतकी वर्षं झाली, आमच्या हिच्याशीसुद्धा मी कधी 'मिळून एक' झालो नाही! आमचं चहात साखर किती यावर अजून एकमत नाही. आणि इथे जिचं तोंडसुद्धा पाहिलेलं नाही त्या बाईंबरोबर मला या लोकांनी परस्पर एक करून टाकलं! म्हणजे बाई समुद्रावर गेल्या की माझी रजा कापली जाणार, आणि माझी पाठ दुखली की त्यांची. बरं, पगार देताना बरोबर लक्षात राहतं हो, की हे दोन अर्धे आहेत! तिथे चुकून कधी अख्खा देत नाहीत. रजेच्या वेळी मात्र एक. आम्ही पडलो अर्धे! आम्हाला कसंही जोडा, कसंही तोडा!

मी म्हटलं, 'ही चूक आहे.' ती म्हणाली, 'चूक आहे सर.' लगेच मान्य! मला वाटलं, चला, झालं काम. म्हटलं, 'मग दुरुस्त करा. आणि गेल्या वर्षी माझी जी रजा गेली ती परत करा.' तर तिनं परत कॉम्प्युटरमध्ये बघितलं आणि काय म्हणाली माहीत आहे? 'सर, गेल्या वर्षाची मुदत संपली, आता काही करता येणार नाही.'

माझं वाक्य! माझंच वाक्य, जसंच्या तसं, त्याच सुरात! काका, तुम्हाला सांगतो, त्या क्षणी आजवर या खिडकीतून हात हलवत परत गेलेली सगळी माणसं माझ्या मागे ओळीनं उभी राहून टाळ्या वाजवतायत असं वाटलं मला.

'आणि यंदाची?' तर म्हणे, 'यंदाचं साहेब ठरवतील.'

आता साहेब. साहेब त्याच्याही वर बसतात. माणूस वाईट नाही हो, अजिबात नाही, कोणाला नाही म्हणत नाहीत. अडचण ही की होही म्हणत नाहीत. काहीही विचारा, मान एका बाजूला कलती करणार, पेनाचं टोपण काढणार, परत लावणार आणि म्हणणार, 'बघूया.' पंखा बंद पडलाय साहेब, 'बघूया.' आग लागलीय साहेब... आग अजून लागली नाही, पण लागली तर तेच म्हणतील, पैज लावतो! मी सगळं सांगितलं. मुलगी, बाळंतपण, सासूबाई, डोळे. ऐकून घेतलं. टोपण काढलं, लावलं. 'असं करा,' म्हणाले, 'दोघं एकदम माझ्यासमोर या. कोणाची कुठली रजा ते समोरासमोर सांगा. मग बघूया.'

दोघं एकदम! कसं येणार? आमच्याकडे नियम, आपला दिवस नसेल तर आवारात थांबायचं नाही. काही पडलंबिडलं अंगावर तर जबाबदारी कोणाची! मग मीच म्हटलं, 'साहेब, एक आठवडा मला बुधवारऐवजी गुरुवार द्या. गुरुवारी बाई असतातच, दोघं मिळून येऊ.' साहेब म्हणाले, 'बघूया,' आणि सही केली. पहिल्यांदा सही केली! मी पायऱ्या उतरताना शीळ घालत उतरलो.

गुरुवारी आलो, भांग पाडून, इस्त्रीचा शर्ट घालून. बाईंचा पत्ता नाही! सकाळ गेली, दुपार गेली, मी एकटाच. संध्याकाळी झाडूवाली आली, तिला विचारलं, 'बाई आल्या नाहीत आज?' ती म्हणाली, 'अय्या, त्या तर काल येऊन गेल्या! दिवसभर तुमची वाट बघत बसल्या होत्या. छान साडी नेसून आल्या होत्या.'

कळलं ना काय झालं? बाई पण रजा मागायला वर गेल्या होत्या, त्यांनाही 'समजून घ्या' ऐकवलं होतं, त्यांनाही साहेब म्हणाले होते दोघं एकदम या, आणि बाईही हुशार! त्यांनी गुरुवार देऊन बुधवार मागून घेतला, मला गाठायला! आणि साहेबांनी दोन्ही कागदांवर सह्या केल्या. एकाच बैठकीत! एकाखाली एक ठेवून! अहो, वरचा वाचून खालचा वाचला असता तरी कळलं असतं, पण वाचायचं तर बघावं लागतं, आणि साहेब नुसतं बघूया म्हणतात, बघत नाहीत!

आणि इथे संपलं नाही. सोमवारी समजून-घ्याचा फोन. 'सर, बुधवारी तुम्ही नव्हतात असं साहेबांकडून आलंय, ती एक रजा धरली. आणि गुरुवारी बाई नव्हत्या, तीही धरली.' मी म्हटलं, 'अहो, पण गुरुवारी मी होतो आणि बुधवारी त्या होत्या!' म्हणाली, 'हो ना सर, पण कोण होतं ते इथे दिसत नाही ना, कोण नव्हतं तेवढंच दिसतं.' म्हणजे रजा कशी मिळवायची हे विचारायला जाण्यात नव्हती तीही रजा गेली! आम्ही पडलो...

वाजू दे, वाजू दे तो फोन. साहेबांचाच असतो. थोडा वाजून आपोआप थांबतो. थांबला, बघा.

काका, आठवली का काही खूण? नाही? बरं. असू दे.

तर त्या दिवशी मी इथे बसलो होतो, गुडघे हनुवटीला, खुर्ची वर करायचंही भान नाही. मुलीला काय सांगू? दिवस भरत आलेले. बाळाला काय सांगू, की बाबा रे, साहेबांची सही होत नाही तोवर येऊ नकोस? आणि समोर माझं रोजचं सामान, वस्तूंना बांधायच्या दोरीच्या चिठ्ठ्या. काय सुचलं कोणास ठाऊक, एक चिठ्ठी घेतली, लिहिलं, 'हरवली आहे: रजा. मालक: सोमवार ते बुधवार.' आणि बांधून टाकली खुर्चीच्या हाताला. राग, दुसरं काय? रागावलेला अर्धा माणूस आणखी काय करणार?

पुढच्या सोमवारी येतो तर चिठ्ठी उलटी करून बांधलेली. मागे लिहिलेलं, 'इथलीही हरवली आहे. फोन करावा.' खाली नंबर.

फोन लावला. तिकडून आवाज, 'कोण? सोमवारवाले भाऊ का? अहो, तुमची पाठ कशी आहे आता?' मी गारच पडलो. म्हटलं, 'माझी पाठ तुम्हाला कशी माहीत?' तर म्हणाल्या, 'माझ्या नावावर लिहिलीय ना पाठदुखी! ती मुलगी म्हणाली, पाठदुखीसाठी घेतलीत की रजा. म्हटलं, अगं बाई, आपल्याला पाठदुखी आहे आणि आपल्यालाच माहीत नाही! मी घाबरून व्यायाम सुरू केले हो रोज सकाळी!' तुम्हाला सांगतो, मी इतका हसलो, इतका हसलो, की खिडकीपुढची माणसं एकमेकांकडे बघायला लागली. मग बाई एकदम हळू आवाजात म्हणाल्या, 'भाऊ, पण तुमच्या रजेनं माझ्या सासूबाईंना दिसायला लागलं बरं का. एका डोळ्यानं. पट्टी काढल्यावर मला म्हणाल्या, तू किती वाळलीस गं.' मी भांडायच्या तयारीनं फोन केला होता. माझ्या रजेत कोणाला तरी कोणीतरी वाळलेलं दिसलं... मला बरं वाटलं. खरंच सांगतो, लपवत नाही, बरं वाटलं. समुद्राचं मात्र थोडं लागलं मनाला. तिथे मीही अजून गेलेलो नाही.

तेव्हापासून त्या माझ्या ताई. त्यांनाही पुन्हा रजा हवी होती, दुसऱ्या डोळ्याला. म्हणाल्या, 'बुधवारी येते. आवारात थांबायचं नाही ना? नाही थांबणार. रांगेत उभी राहीन!'

आणि आल्या! इथे, काका, तुम्ही उभे आहात ना, बरोब्बर तिथे. खांद्याला पर्स, केसात पांढरी बट, उंची या कट्ट्याला जेमतेम हनुवटी लागेल एवढी. मला काय माहीत कोण त्या? मी आपला नेहमीप्रमाणे, 'काय हरवलंय?' म्हणाल्या, 'रजा.' मी म्हटलं, 'खूण सांगा.' म्हणाल्या, 'अर्धी आहे!'

खिडकीला पाटी लावली आणि दोघं गेलो वर. साहेबांनी आम्हाला बघितलं. एकदा मला, एकदा ताईंना, परत मला. टोपण काढलं, लावायचं विसरले. म्हणाले, 'म्हणजे... तुम्ही खरंच दोघं आहात?' अहो, स्वतःच म्हणाले होते दोघं या! तर म्हणाले, 'कागदावर दोघं असतात हो, कागदावर काय... पण मी फोन करतो ना खाली, मला वाटायचं एकच माणूस आहे. आठवड्याच्या सुरुवातीला सर्दी असते, गुरुवारपर्यंत घसा मोकळा होतो.' एवढी वर्षं! ताईंकडे बघितलं तर त्या तोंडावर पदर धरून हसतायत. आणि मला आठवलं, साहेब दर सोमवारी मला फोनवर म्हणायचे, 'आलं टाकून चहा घ्या.' मला वाटायचं, काय माणूस आहे, किती आपुलकीनं चौकशी करतो!

पण झालं हं. चूक मान्य झाली, वरपर्यंत मान्य झाली, साहेबांनी हात जोडून 'माफ करा' म्हटलं, समजून-घ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. एकाचे दोन करायचं ठरलं. आता मला सांगा, तुम्हाला वाटलं ना की संपलं? मलाही वाटलं. तर ती मुलगी म्हणते, 'सर, एकाचे दोन करायचे म्हणजे एक जुना राहणार ना, एक नवा होणार. बाई जुन्या. तुम्ही आजपासून नवे.' मी! हे केस बघा! हा माणूस नवा? 'आणि नव्या माणसाला सुरुवातीचे काही महिने रजा नसते. शिवाय दुरुस्ती पूर्ण होईपर्यंत दोघांचीही रजा गोठवलीय सर... समजून घ्या ना.' म्हणजे आधी मी अर्धा होतो, माझी चूक दुरुस्त करून त्यांनी मला उमेदवार केलं! आणखी एकदा दुरुस्त केलं तर मला शाळेत घालतील!

मी पायऱ्या उतरलो. शीळ नाही, काही नाही. खाली आलो आणि मुलीचा फोन, 'बाबा, डॉक्टर म्हणतायत आता कधीही.' अहो, ज्याला खोटं बोलायला बोलावलंय त्याला तेवढंसुद्धा खोटं बोलता येईना, की येतो म्हणून. ताई बाजूलाच उभ्या. त्यांनी माझ्या हातातून फोन काढून घेतला, काढूनच घेतला, आणि म्हणाल्या, 'निघालेत गं ते, गाडीत बसतायत.' आणि फोन ठेवून मला म्हणाल्या, 'बघता काय? जा. तुमचे दिवस मी बसते. कार्ड एकच आहे, यंत्राला काय कळतंय कोण बसलंय? आपण दोघं मिळून एक आहोत ना? मग राहू या एक.'

मी म्हटलं, 'ताई, अख्खा आठवडा? तुम्हाला झेपेल?' तर म्हणाल्या, 'डोळा थांबेल हो. बाळ नाही थांबत.'

गेलो. वेळेत पोचलो. पोरगी पांढरीफटक, जावई आधीच आडवा, आमची ही कोपऱ्यात रडतेय, सगळं अगदी ठरल्याप्रमाणे. मी हात धरला. म्हटलं, 'झालं, झालं, एवढंच.' काही म्हणता काही झालं नव्हतं हो, सगळं व्हायचं होतं! पण तिनं डोळे मिटले. पुढचं मला नीट आठवत नाही. बाहेर आणून कोणीतरी माझ्या हातात एक गाठोडं दिलं, इतकं हलकं, आणि त्यात एक नाक. मी रडलो. मुलगी म्हणाली होती आई रडेल म्हणून, आणि रडलो मी. ही मला म्हणते कशी, 'अहो, किती दिवसांची रजा मिळाली?' मी म्हटलं, 'रजा कुठली? मी या घडीला खिडकीत बसलोय!' खरंच की. सिस्टीममध्ये मी तेव्हा खुर्चीवर होतो. आणि नात माझ्या मांडीवर होती. अख्ख्या माणसाला जमेल हे एका वेळी दोन ठिकाणी असणं? त्याला अर्धाच लागतो! फोटो दाखवू? हा बघा. नाक माझं आहे, म्हणतात सगळे. मला नाही वाटत. पण म्हणतात.

तर म्हणून आज मी इथे. आज ताईंच्या सासूबाईंचा दुसरा डोळा. ताई तिकडे, पण यंत्राच्या मते ताई इथे. म्हणजे मी ताई. कळलं ना आता, मीच बाई का म्हणालो? लबाडी? लबाडी म्हणा हवं तर. हक्काची रजा सरळपणे मागायला गेलो तर खोटारडा ठरलो, त्यापेक्षा ही लबाडी मला जास्त प्रामाणिक वाटते. नाहीतरी खुर्ची रिकामी आहे का? कोणाचं काम अडलंय? तुमचं अडलंय काका, पण ते तुमच्या छत्रीला खूण नाही म्हणून!

आला, परत आला फोन. आता घ्यायला हवा, नाहीतर खाली येतील. गप्प बसा हं सगळे, हसायचं नाही.

'हॅलो... हो साहेब... हो, मी बाईच... आवाज? हो ना साहेब, जरा सर्दी... घसाही... घेते, आलं टाकून घेते... काय म्हणता? दुरुस्ती झाली? माझी? रजा मोकळी झाली?... आजच? आज हवी तर आजच घ्या?... नाही नाही साहेब, आज नको! आज कशी घेऊ, इथे रांग आहे... हो, किती वाट बघितली हो या दिवसाची... आभारी आहे साहेब... आणि साहेब, एक विचारू? ते आपले सोमवार ते बुधवारवाले भाऊ... बिचारे, नवेच आहेत... त्यांच्या रजेचं काय झालं?... हं... हं... बरं. बरं साहेब. ठेवते.'

काय म्हणाले म्हणून काय विचारता काका? टोपण लावल्याचा आवाज आला आणि म्हणाले, 'बघूया.'

चला, पुढचे कोण? आम्ही पडलो अर्धे.